वाचकांचे प्रश्न : परदेशी सहनिर्माता आणि आपली संहिता

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे तरुण निर्मात्यांची असून तिन्हींचा विषय एकच आहे : परदेशी निर्मात्यांबरोबर चित्रपट करणे. म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे, कारण त्यातील प्रश्नावर बाकीच्या अनेक गोष्टी अवलंबून आहेत.

प्रश्न : आम्ही नेरूळचे दोन मित्र मिळून एक छोटी निर्मितीसंस्था चालवतो. काही लघुपट केल्यानंतर आता पहिल्या मराठी चित्रपटाची संहिता तयार आहे. नवी मुंबईसाठी सिडकोने जमीन घेतलेल्या एका आगरी कुटुंबातील तीन भावंडांमध्ये त्याबदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरून पडलेली फूट, हा तिचा विषय आहे. निर्माते आणि भागीदार यांची गाठ घालून देणाऱ्या गोव्याच्या फिल्म बाजारात ओळख झालेल्या एका फ्रेंच निर्मातीला संहिता आवडली असून दोन देशांमधील करारानुसार अधिकृत सहनिर्मिती करावी, असे तिने सुचवले आहे. परदेशी पैसा हवा असेल तर कथेत एखादे फ्रेंच पात्र आणावेच लागेल, असे आमचे काही परिचित सांगतात. हे खरे आहे का? आणि सुरुवात कोठून करावी?

उत्तर : हे खरे नाही, आणि केवळ पैशासाठी तसे पात्र कथेत आणू नये, असे माझे ठाम मत आहे. भारताने फ्रान्स, इटली, ब्रिटन, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांशी सहनिर्मितीचे करार केले आहेत, म्हणजे करारानुसार मान्यता मिळालेला चित्रपट दोन्ही देशांत स्वदेशी धरला जातो; फ्रान्सबरोबरचा सध्याचा करार २०१० साली झाला. हे करार दोन्ही बाजूंकडून आर्थिक आणि त्याबरोबर कलात्मक व तांत्रिक सहभागाची अपेक्षा धरतात. भारत-फ्रान्स करारात प्रत्येक बाजूचा वाटा साधारणतः २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असावा लागतो. सहभाग म्हणजे पात्र नव्हे. संकलक, ध्वनिसंयोजक, संगीतकार, रंगसंस्करण किंवा अंतिम ध्वनिमिश्रण यांतूनही तो येतो, आणि ही कामे फ्रान्समध्ये फार उत्तम होतात.

अलीकडचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ हा अधिकृत भारत-फ्रान्स सहनिर्मिती म्हणून मान्यता मिळालेला चित्रपट. त्यातील माणसे मुंबईतील रुग्णालयात काम करणारी आहेत, ती प्रामुख्याने मल्याळम आणि हिंदी बोलतात, आणि चित्रीकरण मुंबईत व रत्नागिरी परिसरात झाले. त्याच्या पात्र सहनिर्मिती खर्चाच्या ३० टक्के रकमेसाठी केंद्र सरकारच्या सहनिर्मिती प्रोत्साहन योजनेखाली अंतरिम मंजुरीही मिळाली होती, आणि २०२४ साली कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटात भारताबरोबर ब्रिटन आणि कॅनडा येथील निर्माते सहभागी होते; महाराष्ट्रातील खेड्यात घडणाऱ्या या कथेला २०२५ साली सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा परीक्षक मंडळाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. या दोन्ही चित्रपटांना परदेशी भागीदार मिळाले ते त्यांच्या मातीतील नेमकेपणासह मिळाले. तुमच्या संहितेचे बळही तेथेच आहे आणि ते पातळ करून तुमच्या हाती काही लागणार नाही.

मात्र एक जबाबदारी तुमच्यावर येते. पॅरिसमध्ये निधी देण्यासाठी संहिता वाचणाऱ्या समितीला नवी मुंबई कशी वसली, हे माहीत नसते. १९७० साली सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या, प्रकल्पग्रस्तांचे दीर्घ आंदोलन झाले आणि त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याची योजना आली, ही पार्श्वभूमी आपल्याकडे पनवेलपासून ऐरोलीपर्यंत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. परदेशी वाचकाला मात्र ती न कळल्यास भावंडांचे भांडण साध्या वाटणीचे वाटेल आणि त्यामागे असलेले शहराचे दुःख हरवेल. त्यासाठी संवादांमध्ये माहिती कोंबू नका. संहितेसोबत दिग्दर्शकाचे एक-दीड पानाचे टिपण जोडा आणि त्यात हा इतिहास एका कुटुंबाच्या सातबाऱ्यावरून सांगा : कोणत्या नावावर किती गुंठे होते, वारस किती झाले, हाती आलेल्या भूखंडाचा तुकडा प्रत्येकाच्या वाट्याला किती आला. तीन ओळींत जे कळते ते तीन पानांच्या सामाजिक विवेचनातून कळत नाही.

आता सुरुवातीविषयी. फ्रेंच निर्मातीला पुढचे पत्र लिहिण्याआधी लेखकाशी झालेला करार काढून वाचा. आपल्याकडे पहिल्या चित्रपटाचा लेखक बहुधा मित्रच असतो आणि करार झालाच तर ठाण्याच्या कोर्टनाक्यावर मुद्रांक कागदावर टंकलिखित केलेला असतो. त्यात साधारण असे वाक्य असते : ‘सदर कथा, पटकथा व संवाद यांचे सर्व हक्क लेखकाने निर्मात्यास कायमस्वरूपी दिले आहेत’, आणि कित्येकदा ‘कायमस्वरूपी’ हा शब्दही नसतो. प्रताधिकार कायदा, १९५७ याचे कलम १९ येथे लागू होते. हक्कांच्या हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर हस्तांतरण भारतापुरतेच मानले जाते. आणि हस्तांतरण झाल्यापासून एका वर्षात हक्क वापरले गेले नाहीत, तर करारात वेगळे काही नमूद नसल्यास ते संपुष्टात आल्याचे मानले जाते. आंतरराष्ट्रीय सहनिर्मितीत संहितेपासून प्रदर्शनापर्यंत चार-पाच वर्षे सहज जातात. म्हणजे तुमच्या त्या एका वाक्याच्या आधारे तुमच्याकडे फ्रान्समधील हक्क मुळातच नसतील आणि भारतातील हक्कही चित्रपट पूर्ण होण्याआधी गेलेले असतील. परदेशी निर्मातीचा वकील हीच गोष्ट सर्वांत आधी तपासतो, आणि तेथे अडले की तिची इच्छा असूनही तिला तुमच्यासाठी निधीचा अर्ज करता येत नाही.

तेव्हा लेखकाबरोबर बसून मुदत, ‘संपूर्ण जग’ असा प्रदेश, मोबदला आणि एक वर्षाची अट लागू न होण्याचे कलम स्पष्ट लिहून नवा करार करा. लेखकालाही स्वतःचा वकील घेऊ द्या. त्याचे हित नीट जपले गेले असेल तरच तो करार पुढे टिकतो. गीते असतील तर २०१२ सालच्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज अन्य वापरांवर स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) जो हक्क आहे, तो काढून घेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

फ्रेंच निर्मातीबरोबरच्या मसुद्यात दोन जागा काळजीपूर्वक वाचाव्यात. पहिली म्हणजे प्रदेशांची वाटणी. भारत व उपखंड तुमच्याकडे, फ्रान्स व फ्रेंच भाषक प्रदेश तिच्याकडे आणि उरलेल्या जगाचे उत्पन्न विक्री प्रतिनिधीमार्फत (देशोदेशीच्या वितरकांना चित्रपट विकणाऱ्या मध्यस्थामार्फत) ठरलेल्या प्रमाणात, अशी मांडणी सामान्यतः होते. पण उद्या एखाद्या ओटीटी मंचाने जगभराचे हक्क एकगठ्ठा मागितले तर निर्णय कोणाचा, हे आजच लिहा, कारण फ्रान्समध्ये चित्रपटगृहासाठी सार्वजनिक निधी घेतलेला चित्रपट आधी चित्रपटगृहातच प्रदर्शित व्हावा लागतो. दुसरी जागा म्हणजे मुदत. ठरलेल्या तारखेपर्यंत तिला आपला वाटा उभा करता आला नाही, तर हक्क आपोआप तुमच्याकडे परत आले पाहिजेत. ही तारीख मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. ज्यांनी हे काम केले आहे ते निर्माते ती अपेक्षितच धरतात. अधिकृत दर्जासाठीचा अर्ज दोन्ही देशांत चित्रीकरणाच्या पुरेसा आधी करावा लागतो, हेही वेळापत्रकात धरा.

प्रश्न : मी घोडबंदर रस्त्याला राहते आणि जाहिरातींच्या निर्मितीत नोकरी करते. स्वतःचा माहितीपट-शैलीतील कथापट निर्माण करण्याची इच्छा आहे. परदेशातील बाजारांना जाण्याएवढे पैसे नाहीत आणि कोणाशी ओळखही नाही. माझ्यासारखीने या वर्तुळात प्रवेश कसा करावा?

उत्तर : गोव्यापासून सुरुवात करा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा (एनएफडीसी) फिल्म बाजार (आता ‘वेव्हज फिल्म बाजार’) २००७ पासून इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या काळात भरतो आणि त्यातील सहनिर्मिती विभागात निवड झालेल्या प्रकल्पांसाठी परदेशी निर्मात्यांच्या भेटी ठरवून दिल्या जातात. निवड झाली नाही तरी एकदा प्रतिनिधी म्हणून जाऊन पाहावे. कोकण रेल्वेने ठाण्याहून एका रात्रीत पोहोचता येते.

परदेशातील निधींपैकी रॉटरडॅम महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स फंड १९८८ पासून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका यांसारख्या प्रदेशांतील चित्रपटांना मदत करतो, आणि बर्लिन महोत्सवाचा वर्ल्ड सिनेमा फंड २००४ पासून. संहिता विकासासाठी मिळणारी रक्कम चित्रपटाच्या एकूण खर्चाच्या मानाने लहान असते. तरीही ती महत्त्वाची आहे, कारण ह्यूबर्ट बाल्सची मदत मिळालेल्या प्रकल्पात एखादा डच निर्माता सहभागी झाला तर त्याला नेदरलँड्सच्या चित्रपट निधीकडे खास योजनेतून अर्ज करता येतो. पुढील भागीदार शोधताना तुमच्या हाती एक खात्रीची शिफारस आणि एका देशाचा खुला मार्ग, दोन्ही येतात.

ओळख नसणे ही अडचण खरी आहे. पण पाचशे जणांना एकच ईमेल पाठवून ती दूर होत नाही. तुम्हाला मनापासून आवडलेल्या आणि तुमच्या प्रकल्पाशी स्वभावाने जुळणाऱ्या सात-आठ सहनिर्मित चित्रपटांची श्रेयनामावली शेवटपर्यंत पाहा, त्यांत कमी वाट्याचे भागीदार कोण होते ते टिपा आणि अशा मोजक्या निर्मात्यांना त्यांच्या कामाचा नेमका उल्लेख करून लिहा. मोठी नावे व्यग्र असतात. तुमच्याच वयाचा, दुसरा-तिसरा चित्रपट करणारा निर्माता तुमचे पत्र खरोखर वाचतो, आणि अशी मैत्री पुढची वीस वर्षे टिकू शकते. संभाषणासाठी नोकरी सोडण्याचीही गरज नाही : आपल्याकडे दुपारी दीड वाजतो तेव्हा पॅरिस आणि बर्लिनमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ आणि उन्हाळ्यात दहा वाजलेले असतात. जेवणाच्या सुट्टीत अर्ध्या तासाची बैठक व्यवस्थित होते.

कोणी होकार दिला तर घाईने सही करू नका. त्या व्यक्तीने याआधी ज्यांच्याबरोबर काम केले त्यांना, विशेषतः युरोपाबाहेरील निर्मात्यांना, विचारा की हिशेब वेळेवर मिळाले का आणि मतभेद झाले तेव्हा त्या व्यक्तीची वागणूक कशी होती. चांगल्या निर्मात्याला अशी चौकशी खटकत नाही. तोही तुमच्याविषयी चौकशी करतच असतो.

प्रश्न : वाशीत आमची भागीदारी संस्था आहे. परदेशी सहनिर्मात्याचा पैसा थेट आमच्या चालू खात्यात घ्यावा का? आणि त्यांचा कॅमेरा येथे आणायचा असल्यास सीमाशुल्क भरावे लागेल का?

उत्तर : पैसा येण्याआधी तो कोणत्या स्वरूपाचा आहे हे करारात लिहिलेले असले पाहिजे. सहनिर्मितीतील वाटा, सेवेचा मोबदला, गुंतवणूक आणि अनुदान यांना वेगवेगळे नियम लागतात. देणगीसारख्या रकमेबाबत परदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या एफसीआरए कायद्याचाही प्रश्न येऊ शकतो. परकीय चलनाच्या व्यवहारांचा अनुभव असलेल्या सनदी लेखापालाचा लेखी सल्ला घ्या आणि शक्यतो या चित्रपटासाठी स्वतंत्र कंपनी व स्वतंत्र खाते ठेवा, म्हणजे परदेशी लेखापरीक्षकासमोर तुमच्या इतर कामांचे हिशेब मांडावे लागणार नाहीत. तुम्ही परदेशी तंत्रज्ञांना पैसे देणार असाल तर करकपात आणि दुहेरी करआकारणीविषयक करार यांचाही विचार त्याच वेळी व्हावा, आणि त्यांच्याकडून त्यांच्या देशातील कर-निवासाचा दाखला मागवून घ्यावा.

कॅमेरा तात्पुरता आणून परत नेण्यासाठी एटीए कार्ने हा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज वापरता येतो. तो ज्या देशातून सामान निघते तेथे काढायचा असतो, म्हणजे तुमच्या बाबतीत सहनिर्मात्याने. भारतातून सामान बाहेर नेताना तो फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना देते. यादीतील प्रत्येक भिंगाचा आणि बॅटरीचा अनुक्रमांक प्रत्यक्ष सामानाशी जुळला पाहिजे. चित्रीकरणासाठी येणाऱ्या मंडळींनी पर्यटक व्हिसावर येऊ नये. त्यांच्या परवानग्यांसाठी एनएफडीसीमधील इंडिया सिने हबकडे (पूर्वीचे फिल्म फॅसिलिटेशन ऑफिस) आणि महाराष्ट्रातील स्थळांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीतून चालणाऱ्या राज्य शासनाच्या एक खिडकी योजनेकडे अर्ज करावा.