पाठीचा पट्टा : कापड की उपकरण?

प्रश्न : निपाणीत माझं सर्जिकल साहित्याचं दुकान आहे. पाठ ताठ ठेवणारे दोन प्रकारचे पट्टे चीनहून मागवले. एजंटाने कस्टम्सच्या कागदावर दोन्ही एकाच ओळीत, ९०२१ या टॅरिफ क्रमांकाखाली, म्हणजे ऑर्थोपेडिक उपकरणांत दाखवले. बंदरातले अधिकारी म्हणतात, हा कापडी माल आहे, ६३०७ लावा. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात ती वस्तू कापड कशी? दोन्ही नमुने सोबत पाठवतो आहे.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : नमुने पाठवलेत ते फार बरं केलंत. मी वडगावच्या विणकराच्या घरातला. दिवसभर मागावर वाकून बसलेले वडील संध्याकाळी आईचं जुनं लुगडं कमरेला घट्ट आवळून घ्यायचे. पुढे मुंबईत कस्टम्सच्या कामात अशा वस्तू हाताखालून गेल्या, तेव्हाही आधी कापड ताणून बघायची सवय सुटली नाही.

तुमचा काळा, खांद्यांवरून फिरणारा पट्टा ताणला. सोडताच मूळ मापावर आला. शिवण उसवली. आत फोमचा पातळ थर, बाकी काही नाही. खांदे मागे ओढतं ते फक्त इलॅस्टिक. टॅरिफच्या, म्हणजे सीमाशुल्काच्या दरसूचीच्या, ९०व्या प्रकरणाची टीप १(ब) नेमकी अशाच मालाबद्दल आहे : ज्या कापडी आधारपट्ट्याचा परिणाम केवळ त्याच्या ताणामुळे होतो, तो या प्रकरणाबाहेर, कापडाच्या ११व्या विभागात. गरोदरपणातला पोटपट्टाही तसाच. डॉक्टरांच्या चिठ्ठीने किंवा खोक्यावरच्या ‘ऑर्थोपेडिक’ शब्दाने त्यात फरक पडत नाही. ६२१२ मध्ये ब्रेसियर, गर्डल, कॉर्सेट येतात. हा त्यातला नाही. म्हणून ६३०७, इतर तयार वस्तू. इथे अधिकाऱ्यांचं बरोबर आहे.

राखाडी पट्ट्याचं तसं नाही. त्याच्या पाठीकडच्या खिशांतून ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या निघाल्या, कमरेच्या बाकाप्रमाणे वळवलेल्या, हाताने सहज न वाकणाऱ्या. इलॅस्टिक पट्टा अंगाशी आवळतं, पण कण्याला धरून ठेवतो तो धातू. टीपेतला ‘केवळ’ इथे लागू होत नाही. तेवढ्याने ९०२१ पदरात पडत नाही, बरं का. टीप ६ प्रमाणे उपकरण शारीरिक व्यंग टाळायला किंवा सुधारायला हवं, नाहीतर आजार, ऑपरेशन, दुखापतीनंतर अवयवाला आधार द्यायला. गल्ल्यावर बसणाऱ्याची पाठ ताठ राहावी एवढाच हेतू असेल, तर तुमचा दावा कच्चा. पट्टा कोणत्या दुखण्यासाठी बनवला आणि धातूची पट्टी काय काम करते, याचा कागद उत्पादकाकडून मागवा.

दोन्ही माल एका ओळीत दाखवले, तिथेच घोळ झाला. काळ्यासाठी ६३०७ मान्य करा. राखाडीसाठी मात्र ‘मान्य आहे’ असं लिहून देऊ नका. तुमची लेखी मान्यता नसेल, तर सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १७(५) प्रमाणे फेरआकारणीनंतर, म्हणजे अधिकाऱ्यांनी शुल्क नव्याने ठरवल्यावर, १५ दिवसांत कारणांसहित आदेश द्यावा लागतो. तो हाती आल्यापासून ६० दिवसांत आयुक्तांकडे (अपील) जाता येतं. आणि पुढे नव्या प्रकारचा पट्टा मागवण्याआधीच, त्याला कोणता क्रमांक लागेल हे ठरवून घ्यायला, कलम २८एच खाली आगाऊ निर्णयासाठी अर्ज करा.

नमुने परत पाठवतो आहे. राखाडीची शिवण मुद्दाम उसवलेलीच ठेवली आहे. सुनावणीला नेताना शिवून घेऊ नका, धातूच्या पट्ट्या अधिकाऱ्यांच्या हातात द्या.