लिनक्स टाकताना होमसाठी वेगळं पार्टिशन करावं का?

५०० जीबीच्या एसएसडीवर फक्त लिनक्स टाकायचं असेल तर होम (तुमच्या फाइल्स आणि सेटिंग्जचं फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावरच ठेवा. उद्या सिस्टीम बिघडली किंवा दुसरं डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) घ्यावंसं वाटलं, तर रूट (खुद्द सिस्टीमचं पार्टिशन) तेवढं फॉरमॅट करायचं. फोटो, कागदपत्रं, सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. त्या वेळी इन्स्टॉलरमध्ये होमपुढची फॉरमॅटची खूण काढलेली आहे ना, हे दोनदा बघा. (बॅकअप तरीही हवाच, डिस्क गेली की दोन्ही पार्टिशनं जातात.)

रूटला ५०-६० जीबी द्या. इथे हात आखडता घेऊ नका, कारण फ्लॅटपॅक आणि डॉकर या अ‍ॅप्स टाकण्या-चालवण्याच्या साधनांचा पसारा सहसा रूटवरच साठतो आणि रूट भरलं की अपडेटही अडतात.

ईएफआयला (संगणक सुरू करणाऱ्या फाइल्सचं पार्टिशन) ५१२ एमबी, फॉरमॅट फॅट३२. विंडोज शेजारी असेल तर त्याचंच ईएफआय वापरा, पण फॉरमॅट करू नका, नाहीतर विंडोज सुरू होणार नाही.

स्वॅपला (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) पार्टिशन लागत नाही, फाइल पुरते. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून संगणक बंद करणं) हवं असेल तर ती निदान रॅमएवढी ठेवा.

कुणाला किती जागा द्यायची हे आत्ताच ठरत नसेल तर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम घ्या. फेडोरा वर्कस्टेशन या डिस्ट्रोमध्ये ३३व्या आवृत्तीपासून तेच डीफॉल्ट आहे: रूट आणि होम वेगळे सबव्हॉल्यूम (एकाच पार्टिशनमधले कप्पे), मोकळी जागा मात्र सामाईक.