बॉयलरचं सांडपाणी सिरॅमिक मेम्ब्रेनने गाळून पुन्हा बॉयलरला वापरता येतं का?

येतं, पण कोणतं पाणी यावर सगळं आहे. तुम्ही ‘बॉयलरचं सांडपाणी’ असं एकत्रच विचारलंय आणि घोळ तिथेच होतो. ब्लोडाउन (क्षार साठू नयेत म्हणून बॉयलरमधून मुद्दाम काढलेलं पाणी) वेगळं, कंडेन्सेट (वापरलेल्या वाफेचं परत झालेलं पाणी) वेगळं, सॉफ्टनर रिजनरेशनचं, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र मिठाने धुतल्यावरचं, खारं पाणी वेगळं. तिन्ही एका टाकीत सोडली की मग कितीही भारी मेम्ब्रेन आणा, पैसे पाण्यात.

हे मेम्ब्रेन म्हणजे ॲल्युमिना, टायटानिया, झिर्कोनिया किंवा सिलिकॉन कार्बाइडची सच्छिद्र नळी. छिद्रं साधारण ०.०१ ते १ मायक्रॉनची. गंज, गाळ, तेलाचे थेंब अडतात; विरघळलेले क्षार आरपार जातात. पटत नसेल तर ब्लोडाउनचा नमुना गार करून ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टर पेपरमधून गाळा. खाली अगदी नितळ पाणी येईल. त्यात टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजणारा मीटर बुडवा: आधी ३००० होता तर आताही ३०००च्या आसपासच. हे क्षार बाहेर जावेत म्हणूनच तर आपण ब्लोडाउन काढतो! तेच गाळून परत आत घातलं तर काढलं काय आणि न काढलं काय.

ब्लोडाउन वापरायचंच असेल तर पुढे विरघळलेले क्षारही अडवणारा आरओ हवा. नेहमीच्या आरओला ४५ अंशांखालचं पाणी लागतं, म्हणजे आधी गार करा. गार झालं की मग साधं पॉलिमर यूएफही (प्लास्टिकचं बारीक गाळणारं मेम्ब्रेन) बऱ्याचदा भागवतं, महागडं सिरॅमिक कशाला? शिवाय ब्लोडाउनमध्ये सिलिका असते. पीएच ११च्या आसपास ती विरघळलेली राहते, पीएच खाली आणला की आरओवर बसते. माझं मत विचाराल तर ब्लोडाउनमधून आधी उष्णता काढून घ्या, फ्लॅश स्टीम (दाब उतरला की त्यातून सुटणारी वाफ) वापरून आणि हीट एक्स्चेंजर लावून.

सिरॅमिकची खरी जागा कंडेन्सेटवर. हे पाणी ८०-९० अंशांचं, क्षार जवळजवळ नाहीत; फक्त लाइनमधला गंज आणि कुठे एक्स्चेंजर गळत असेल तर तेल. शटडाउननंतरचं पहिलं कंडेन्सेट विटकरी रंगाचं येतं म्हणून गटारात सोडतात आणि पुष्कळदा नंतरचंही तसंच सोडत राहतात. सिरॅमिक ते गरमच गाळून फीड टँकला, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीला, देतं. फीड वॉटर ६ अंशांनी गरम मिळालं की इंधन साधारण १ टक्का वाचतं, हा जुना ठोकताळा आहे. शिवाय हिशेब बघा: मेकअपचा (बाहेरून भरलेल्या ताज्या पाण्याचा) टीडीएस २००, बॉयलरची मर्यादा ३०००, तर ब्लोडाउन वाफेच्या ७ टक्क्यांच्या पुढे. फीडमध्ये तीन चतुर्थांश कंडेन्सेट आलं की टीडीएस ५०वर येतो आणि ब्लोडाउन पावणेदोन टक्क्यांच्या आत. जे सांडपाणी तुम्हाला गाळायचं होतं, ते तयारच कमी होतं.

पण एक्स्चेंजरमधून कूलिंग वॉटर कंडेन्सेटमध्ये शिरत असेल तर त्यातला कठीणपणा (विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) मेम्ब्रेन पकडणार नाही. म्हणून क्षार वाढले की दाखवणारा कंडक्टिव्हिटी मीटर आणि त्यावर चालणारा, खराब पाणी बाहेर सोडणारा डंप व्हॉल्व्ह लावाच.

चालवताना त्रास देतं ते फाउलिंग, म्हणजे मेम्ब्रेनवर घाण बसणं. म्हणून क्रॉसफ्लोचा (मेम्ब्रेनच्या पृष्ठभागाला समांतर वाहणाऱ्या पाण्याचा) वेग सेकंदाला ३ ते ५ मीटर ठेवावा लागतो, त्यामुळे पंपाची वीज बऱ्यापैकी खाते. शिवाय पाणी इतकं गरम की पंप टाकीच्या बराच खाली बसवला नाही तर कॅव्हिटेशन होतं, म्हणजे पंपात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात. तेलाचा थर गरम कॉस्टिकने जातो, गंजाचा सिट्रिक किंवा ऑक्झॅलिक ॲसिडने. दोन्हींच्या मध्ये नीट धुवायचं. आणि गरम नळीत एकदम गार पाणी कधीच सोडू नका, तडकते. तापमान हळूहळू उतरवा.

सप्लायर ‘कितीही तापमान, कोणताही पीएच’ म्हणेल. नळीपुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे, पण गॅस्केटचं काय? ईपीडीएम रबराला गरम पाणी चालतं, तेल चालत नाही. तेव्हा तेलाची शक्यता आधी सांगा आणि गॅस्केट कशाचं ते लेखी घ्या. ट्रायल तुमच्याच कंडेन्सेटवर मागा आणि फ्लक्सचा (मेम्ब्रेनच्या क्षेत्रफळामागे ठरावीक वेळात किती पाणी गळतं त्याचा) आकडा पहिल्या दिवसाचा नको, चार-पाच केमिकल क्लीनिंगनंतरचा घ्या.