मैदानावर तुतारी आणायची असेल तर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

ड्रम कोअरच्या, म्हणजे मैदानावर चालत पितळी फुंकवाद्यं (ब्रास) आणि ड्रम वाजवणाऱ्या अमेरिकी पथकाच्या, कार्यक्रमाचा तुझा आराखडा दोनदा वाचला. मध्यावर तुतारी, मग ताशे, शेवटी शंख. तुतारी कुठे उभी राहणार, तिच्यामागे झेंडे कधी उठणार, हे सगळं त्यात आहे. ती कोणता स्वर वाजवणार, हे मात्र कुठेच नाही. ड्रम कोअरमध्ये पहिली विचारणा त्याचीच होईल.

तुतारीला स्वर बदलणाऱ्या झडपा नाहीत. फुंक आणि ओठ यांच्या जोरावर जे नैसर्गिक स्वर निघतील तेवढेच तिचे. साध्या बिगुलाचंही तसंच असतं. अमेरिकी सैन्यातली ‘टॅप्स’ ही 1862 मधली धून 24 स्वरांची आहे, पण त्यात वेगवेगळे स्वर फक्त चार. तेव्हा आधी ट्यूनर लावून बस आणि तुझ्या तुतारीतून स्थिर निघणारे स्वर लिहून काढ. तीन निघाले तरी पुष्कळ. मग ब्रासचा तो सगळा भाग त्या स्वरांवर बेतायचा. ट्यूबा वाद्यांनी खालचा स्वर धरून ठेवायचा, मधल्या पट्टीतल्या मेलोफोननी त्यावर हळूहळू चढायचं, आणि तुतारीने तिला जमतं तेच वाजवायचं. तुझ्या आराखड्यात ती ट्रम्पेटची चाल पुढे नेते. तिला ते जमणार नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही नको.

शिवाय ऊन. हवा 10 अंशांनी तापली की फुंकून वाजणाऱ्या वाद्याचा स्वर साधारण 30 सेंटपर्यंत वर सरकू शकतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ट्रम्पेटवाला स्लाइड (नळीचा सरकता भाग) ओढून जुळवून घेतो. तुतारीला स्लाइड कुठली? दुपारच्या सरावात जुळलेली तुतारी रात्रीच्या प्रयोगात खाली उतरलेली सापडेल.

‘जुनं वाद्य आणू’ असं तू लिहिलं आहेस, त्यावरून एक सुचवतो. ड्रम कोअरचं स्वतःचं जुनं वाद्य आता कपाटात पडून आहे. 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला डीसीआयची (ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेची) पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा सगळी पथकं ‘जी’ (G) पट्टीचे बिगुल वाजवत होती. 1977 ला दोन झडपा आल्या, 1990 ला तीन. 2000 पासून कोणत्याही पट्टीचं वाद्य चालू लागलं आणि बी फ्लॅट ट्रम्पेटांनी मैदान घेतलं. 2014 ला ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, सूझाफोनही आत आले. जुन्या दोन झडपांच्या सोप्रानो बिगुलांची एक रांग तू उभी केलीस, तर प्रेक्षकांतले पांढऱ्या केसांचे लोक उठून उभे राहतील. (मीही त्यांतलाच, तेव्हा माझं मत थोडं वजा करून घे.) फक्त खालच्या सप्तकात त्यांना काही स्वर मिळतच नाहीत, हे लिहिताना विसरू नकोस.

आता ताशे. आठ ताशे मैदानभर पसरायचे, हे मला पटत नाही. मैदानाची खोली 48 मीटरच्या वर आहे. मागच्या रेषेवरचा आवाज पुढच्या रेषेपर्यंत यायला 0.14 सेकंद लागतात. मिनिटाला 160 मात्रांच्या लयीत एका मात्रेचा चौथा भाग 0.09 सेकंदाचा होतो, म्हणजे ताशाची तुझी तर्री पिटपर्यंत (मैदानाच्या पुढच्या कडेला एका जागी वाजवणाऱ्यांपर्यंत) येईतो असे दीड भाग मागे पडलेली असेल. स्नेअरवाले ही चूक भरून काढायला वर्षानुवर्षं शिकतात, मागून येणारा ठोका ऐकून पुढच्यांनी वाजवायचं असतं. शिवाय त्यांचे केव्हलारचे (मजबूत कृत्रिम धाग्याचे) पडदे इतके ताणलेले असतात की प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. ताशाची लवचीक काडी आणि तिचा सलग झरझरणारा नाद ही वेगळी चीज आहे. स्नेअरच्या रांगेत ठेवलास तर तो फक्त अस्वच्छ स्नेअर वाटेल. दोनच ताशे घे, पुढे पिटमध्ये ठेव, माइक लाव (2004 पासून परवानगी आहे) आणि स्नेअर गप्प असतील अशी जागा त्यांना दे.

चामड्याचा हट्ट धरू नकोस. दमट हवेत चामडं उतरतं, आणि उन्हाळी दौऱ्यात पडदे शेकत बसायला वेळ नसतो. दोरीने ताणलेले जुने अमेरिकी ड्रम ऐकायचे असतील तर जुलैत कनेटिकटमधल्या डीप रिव्हरच्या मस्टरला, म्हणजे वादकांच्या मेळाव्याला, जा. फाइफ (छोटी आडवी बासरी) आणि ड्रमवाले तिथे अजून जुन्या पद्धतीने वाजवतात. ढोलाच्या दोऱ्या ओढलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

ताशाला फक्त गणपतीची मिरवणूक जोडू नकोस, एवढंच अर्थाबद्दल सांगतो. गिरमिटियांबरोबर (करारावर नेलेल्या भारतीय मजुरांबरोबर) हेच वाद्य त्रिनिदादला गेलं, तिथे ते ‘तासा’ झालं आणि मोहरमच्या ‘होसे’ मिरवणुकीत वाजतं. तुझ्या कार्यक्रमाची गोष्ट स्थलांतराची आहे म्हणतेस, तर हा धागा भगव्या फेट्यांपेक्षा कितीतरी कामाचा आहे. फेटे वगळलेस तरी चालेल.

एक प्रश्न तुला बैठकीत नक्की विचारला जाईल. 2009 पासून सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) चालतो. तुतारीचा आवाज ध्वनिमुद्रित करून कीबोर्डवर टाकला तर तो सुरातही राहील आणि उन्हाने चढणारही नाही. मग खरी तुतारी कशाला? उत्तर आधी तयार ठेव. माझ्या मते उत्तर असं: चार तुताऱ्या एकच स्वर फुंकतात तेव्हा तो किंचित चारीकडे फाकतो, आणि त्या फाकण्यात जी धार असते ती कीबोर्ड देत नाही. पण हे तुला त्यांना ऐकवून दाखवावं लागेल. नुसतं सांगून कोणी मानणार नाही. स्पर्धेत 100 पैकी 40 गुण एकंदर परिणामाचे असतात, म्हणून ‘परिणाम होईल’ हे उत्तर त्यांनी आधीच शंभरदा ऐकलेलं आहे.

शंख ओठांच्या कंपनावरच वाजतो, त्यामुळे शास्त्राने तो ट्रम्पेटच्या घरचा. नियमपुस्तक तसं मानतं का, ते लेखी विचारून घे, तोंडी होकारावर संगीत लिहू नकोस. आणि पहिला प्रयोग साउंडस्पोर्ट या डीसीआयच्याच छोट्या चमूंच्या स्पर्धेत कर. तिथे वाद्यांचं बंधन नाही, पाच जणांचा चमूही चालतो.

रेकॉर्डिंग पाठव. फोनवरचं चालेल, पण वाजवणारे मागच्या रेषेवर आणि फोन वर, प्रेक्षागृहातल्या प्रेस बॉक्सपाशी. शेजारी उभं राहून घेतलेलं नको.

तुझा,
काका