वीस सेशनचं पॅकेज भरण्याआधी

ताई, तुमचा ऑटिझम असलेला मुलगा पाच वर्षांचा, मिक्सर लागला की कान दाबून बाथरूममध्ये पळतो, आणि सेंटरवाले म्हणतात दहा दिवस रोज दोनदा अर्धा-अर्धा तास हेडफोनवर संगीत ऐकवलं (ऑडिटरी इंटिग्रेशन ट्रेनिंग म्हणतात त्याला) की बोलायला लागेल. वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे मिक्सरच्या जागी कूलर होता. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद ठेवून बघा! दोन उन्हाळे आम्ही खिडकीला ओल्या चादरी बांधून काढले.

स्पीच थेरपी, ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच, त्यात जात नाही. मी डॉक्टर नाही, फक्त आई आहे. पोरगं आता अकराचं आहे.

आमची चूक सांगते. दोन वर्षांचा असताना त्याची बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी) नॉर्मल आली होती. ती फाइल दाखवून मी म्हटलं, कान झाले तपासून. अहो, बेरा त्या दिवसाची असते! मधल्या कानात पाणी नंतर कधीही साचू शकतं. ही हेडफोनची पद्धत काढणारे फ्रान्सचे डॉ. गी बेरार यांच्या मूळ रीतीतच आधी, मध्ये आणि शेवटी ऑडिओग्राम (कोणता आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख) आहे, आणि कानात मळ-पाणी नको असं आहे. आमच्या सेंटरला विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "गरज नसते, मशीन स्वतःच ॲडजस्ट करतं." मी मान डोलावली आणि 32 हजार आगाऊ भरले. वर त्यांनी सांगितलं म्हणून स्पीच थेरपीही बंद ठेवली.

चौथ्या दिवसापासून तो हेडफोनची डावी बाजू उपटायचा. दर वेळी डावीच. "विरोध करतोय म्हणजे काम होतंय," असं ऐकवलं, आणि त्याचे हात मी धरून बसले. मीच. महिन्याभराने कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे टिम्पॅनोमेट्री (कानाच्या पडद्यामागे पाणी आहे का ते बघणारी चाचणी) केली तर डाव्या कानाची रेघ सपाट, पडद्यामागे पाणी. पैसे परत मागितले तर आधी अर्ज, मग "सर बाहेरगावी आहेत", मग फोनच उचलेनात. पावतीवर ना आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) चा नोंदणी नंबर, ना कोणाची सही.

पुरावा विचाराल तर 1998 मध्येच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने या थेरपीला पाठिंबा नाकारला होता. 2011 च्या कॉक्रेन आढाव्यात (यात आधी झालेले अभ्यास एकत्र तपासतात) सात छोटे अभ्यास होते, मिळून 182 जण, आणि वापरावी असं म्हणण्याइतकं त्यातून निघालं नाही. ज्यांच्या मुलांना फरक वाटला त्यांना मी खोटं म्हणत नाही. पण "बोलायला लागेल" अशी हमी कोणी देत असेल तर मी तिथून उठून येईन, बाप्पा.

तेव्हा आधी टिम्पॅनोमेट्री, दोन्ही कानांची. मूल सहकार्य करत असेल तर ऑडिओग्राम, नाहीतर बेरा पुन्हा. तोवर एक रुपया आगाऊ भरू नका, चालू स्पीच तोडू नका. कूलरचं म्हणाल तर आमच्या ओटी थेरपिस्टने काही मोठं केलं नाही. बटण त्याच्या हातात दिलं. आधी दुसऱ्या खोलीतला कूलर, दहा सेकंद, मग बंदही त्यानेच करायचा. तीन महिने लागले. कानावरचे आवाज अडवणारे मफ्स मारबतीच्या मिरवणुकीतल्या गर्दीसाठी किंवा डीजेसाठी ठेवा, घरात दिवसभर नको. आमच्याकडे त्यामुळे तो उलट जास्त चिडायला लागला होता.

आणि हो, विषयाबाहेरचं आहे, पण यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर आता काढा. केंद्र सरकारच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाखापर्यंत कव्हर आहे, थेरपीचा खर्चही काही प्रमाणात मिळतो. बिलं मात्र नीट हवीत. त्या 32 हजारांची आमच्याकडे नुसती चिठ्ठी होती.

टिम्पॅनोमेट्रीचा कागद आला की इथे कळवा, डावा-उजवा दोन्ही.