आधी वॉशरचे पैसे

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळेला पाणी द्यायचंच यावर आपलं दुमत नाही, तेव्हा त्यावर शाई घालवत नाही. तुझा घोळ आहे पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला आलेल्या पैशाचा. २०२१ ते २०२६ च्या त्या अनुदानातला साठ टक्के वाटा बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्याचा आणि पाऊसपाणी साठवण्याचा. सरपंच म्हणतात शाळेत पाणी शुद्ध करायचं आर.ओ. मशीन बसवू, भाऊसाहेब म्हणतात छताचं पाणी धरायला टाकी बांधू, आणि ग्रामपंचायतीत पहिल्यांदाच निवडून आलेली तू मधे अडकलीस.

काहीही घ्या. पण ठरावात आधी लिहा, ते चालवणार कोण आणि दरवर्षी त्याचे पैसे येणार कुठून.

२ ऑक्टोबर २०२० ला शाळा-अंगणवाड्यांना नळ द्यायची शंभर दिवसांची मोहीम निघाली. त्यात आमच्या शाळेलाही सहा तोट्या मिळाल्या. नारळ फुटला, फोटो निघाले. करोनानंतर मुलं परतली तोवर दोन तोट्या गळायला लागल्या होत्या. एकीला कुणीतरी सायकलची ट्यूब गुंडाळली होती. गावाला पाणी सुटायचं सकाळी सहाला, शाळा उघडायची दहाला. व्हॉल्व्ह फिरवायला माणूस नाही, म्हणून टाकी कोरडी. वॉशर दहा रुपयांचा, पण तो कोणत्या हेडखाली घ्यायचा हे एकाही कागदावर नव्हतं.

सहावीतली एक पोर घरच्या बाटलीतलं पाणी झाकणात ओतून प्यायची. झाकणभरच. विचारलं तर म्हणाली, "बाई, जास्त प्यायलं की जावं लागतं, आणि तिथं पाणी नसतं." वर्षभर ती माझ्यासमोर बसत होती आणि मला दिसलं नव्हतं. ती टोचणी अजून आहे.

मग मी रंगकामाचे पैसे मोटर दुरुस्तीला लावले. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला. बाईंनी नियम मोडला म्हणे. मोडला असेल. पाच पानी खुलासा दिला, त्यातला एक शब्द आजही मागे घेणार नाही. भिंत रंगाशिवाय उभी राहते गं.

आर.ओ. घेणार असाल तर आधी पाण्यातले क्षार तपासा. ते मशीन बऱ्याचदा देतं त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतं. मला टाकीचा हिशेब पटतो: १०० चौरस मीटर छत, ६०० मिलिमीटर पाऊस, वीस टक्के वाया धरले तरी ४८,००० लिटर. पण जूनआधी पन्हळी कोण साफ करणार? पहिल्या पावसाचं पाणी कोण सोडून देणार? "संयुक्त शाळा अनुदानातून भागेल" असं तू लिहिलंयस. अगं, साठ-सत्तर पटाला निकषाप्रमाणे वर्षाचे २५,०००, त्यातच वीजबिल, खडू, झाडू. निवडून आलीस, हे तुला ठाऊक असायला हवं होतं. रागावू नकोस.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बायका. त्यांच्यातल्या दोघींकडे व्हॉल्व्हची चावी द्या. मानधन ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून, अंदाजपत्रकात वेगळी ओळ घालून. वॉशरचे पैसेही त्यातच.

ग्रामसभेआधी मसुदा माझ्याकडे पाठव. कोण आणि कुठून, या दोन जागा कोऱ्या दिसल्या तर परत पाठवीन. आणि उद्या शाळेत जाऊन तोट्या मोज. किती चालू, किती बंद, ते पत्रात लिही.

तुझ्या बाई