गांधी, पित्त आणि खळं

तासगावच्या एका ताईंनी विचारलंय की मुलाच्या हातावर गोल गोल चट्टे आलेत, सासूबाई म्हणतात पित्त उठलंय, आई म्हणते गांधी आल्यात, आणि मिरजेच्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय एरिथेमा मल्टिफॉर्मे, तर ह्याला मराठीत नेमकं म्हणायचं काय?

ताई, गांधी नाही आणि पित्तही नाही. गांधी हे अनेकवचन, एक असली की गांध (बापूंचा काही संबंध नाही हो). ढेकूण चावला, खाजकुइली लागली की उठते ती. आणि क्रियापद बघा, गांध 'उठते' नि 'बसते', कारण एकेक गांध सहसा 24 तासांच्या आत जिरते आणि मग दुसरीकडं नवी उठते. पित्त उठलं म्हणून आपण आमसुलाचं पाणी चोळतो तेही हेच. सर्दीतापानंतर पोरांना अशा गांधी खूपदा उठतात, त्यामुळं घरच्यांचा घोटाळा होणं साहजिक आहे.

तुमच्या मुलाचे चट्टे मात्र बसत नाहीत, एकाच जागी आठवडाभर तरी ठाण मांडतात, सगळं निवळायला दोन ते चार आठवडे जातात. एरिथेमा म्हणजे लाली, मल्टिफॉर्मे म्हणजे अनेक रूपांचं. व्हिएन्नाच्या हेब्रा नावाच्या कातडीच्या डॉक्टरानं 1866 मध्ये ह्याचं वर्णन केलं. शब्दाला शब्द ठेवून कुणी 'बहुरूपी रक्तिमा' करेल, पण ते ऐकून आमच्याकडचा माणूस दारात बहुरूपी आलाय का बघायला उठेल. मला सुचतो तो शब्द खळं. चांदाला खळं पडतं ना, अगदी तसं, मधी गडद ठिपका, भोवती फिकट कडं आणि बाहेर लाल कड. 'खळ्याचे चट्टे' म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर लगेच येतं.

आता आईला एक विचारा, आठ-पंधरा दिवसांपूर्वी पोराच्या ओठावर 'पाल मुतली' होती का, म्हणजे बारीक फोड आले होते का? पालीचा दोष नाही, तो हर्पीस सिम्प्लेक्सचा विषाणू, आणि खळ्याच्या चट्ट्यांमागं बहुतेकदा तोच असतो. त्याला मारायला निघालेली शरीराची फौज कातडीवरच धिंगाणा घालते तेव्हा हे उमटतं. पोरांत कधी खोकल्याचा मायकोप्लाझ्मा जंतूही असतो. तोंडात फोड आले, डोळे लाल झाले तर मात्र शब्द शोधत बसू नका, परत मिरज गाठा.

जाता जाता, हर्पीस हा ग्रीक शब्द 'सरपटणे' ह्या अर्थाच्या धातूवरून आलाय आणि आपला सर्प त्याच कुळातला. सिम्प्लेक्सच्याच नात्यातल्या दुसऱ्या विषाणूमुळं कमरेवर जी फोडांची रांग येते, तिला आपण नागीण म्हणतोच की!